आउटबोर्ड पुन्हा पुन्हा गरम होतंय? इंपेलर खोलण्याआधी बझर कधी वाजतो ते बघा

सप्टेंबरात बोट पाण्यात उतरते. चार दिवस मशीन, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन, नीट चालतं आणि पाचव्या दिवशी देवबागच्या संगमावर, बोट भरलेली असताना, गरम झाल्याचा इशारा देणारा बझर वाजतो. इंपेलर, म्हणजे थंड करणारं पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी पंखा, बदलला जातो. पंधरा दिवसांनी पुन्हा बझर. मग आणखी एक इंपेलर. मग थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून पाणी पुढे सोडणारी झडप) काढून फेकतात आणि शेवटी कुणीतरी बझरची वायरच तोडून टाकतं. ऐन नाताळात पिस्टन चिकटतो तेव्हा कळतं की दोष इंपेलरचा नव्हताच.

तारकर्ली, हर्णे, मुरुड, मांडवीचं मुख, बागा: जिथे ४० ते ११५ हॉर्सपॉवरची आउटबोर्डं खाऱ्या पाण्यात, उथळ वाळूवर दिवसभर धावतात, तिथे ही तक्रार ठरलेली. पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहा: बझर कोणत्या वेगाला वाजतो, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी वाजतो आणि कशाने थांबतो. बाकीचं सगळं या तीन उत्तरांवर ठरतं.

समुद्रात असताना वाजला तर

थ्रॉटल खाली, गिअर न्यूट्रलला. बऱ्याच मशीनमध्ये बझरबरोबर वेग आपोआप २००० ते ३००० आरपीएमपर्यंत उतरतो. तो बिघाड नाही, संरक्षण आहे. मागची टेलटेलची, म्हणजे पंप चालू असल्याची खूण म्हणून बाहेर पडणारी, पाण्याची धार बघा. धार चालू असेल तर मिनिटभर मंद चालू द्या. बझर थांबला तर हळू वेगात किनारा गाठा. धार नसेल तर लगेच बंद करा. वारा खडकांकडे ढकलत असेल तर नांगर आधी, मशीन नंतर. मग मशीन वर उचलून गिअरकेसच्या, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाच्या, जाळ्या तपासा. प्लास्टिकची पिशवी, जाळ्याचा तुकडा किंवा शेवाळ तिथे चिकटलेलं असतं. मशीन उचलता येत नसेल, तर दोन सेकंद रिव्हर्स दिल्यावर पिशवी बऱ्याचदा सुटते. तापलेल्या ब्लॉकवर बादलीने पाणी ओतू नका, हेड वाकतं. पंधरा-वीस मिनिटं थांबा.

आणि हो, आधी तेल बघा. काही मशीनमध्ये तेल कमी झालं तरी हाच बझर वाजतो.

पाणी कुठून कुठे जातं

गिअरकेसच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांतून पाणी आत येतं. ड्राइव्हशाफ्टवर (इंजिनापासून खाली जाणाऱ्या उभ्या दांड्यावर) बसवलेला रबरी इंपेलर ते ओढतो आणि उभ्या नळीतून वर ब्लॉककडे ढकलतो. ब्लॉक आणि हेडमधून फिरून ते थर्मोस्टॅटपाशी येतं, तिथून एक्झॉस्टमध्ये मिसळून प्रॉपेलरच्या हबमधून बाहेर पडतं. टेलटेलची धार ही या वाटेवरची एक छोटी फांदी. अनेक मशीनमध्ये ती थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते. म्हणून ‘पाणी मारतंय ना, मग कसं गरम होईल?’ हा किनाऱ्यावरचा युक्तिवाद फसवा आहे. धार दिसली म्हणजे पंप फिरतोय एवढंच कळतं. हेडमधून पाणी वाहतंय की नाही, हे ती सांगत नाही.

उलटही होतं. मशीन थंड, पण धार बंद. पावसाळ्यात बोट शेडमध्ये उभी असताना कुंभारीण माशी टेलटेलच्या भोकात मातीचं घर करते. जाड तंगुसाचा तुकडा आत सारून फिरवला की ते निघतं. लोखंडी तार घालू नका, आतलं प्लास्टिकचं नोझल फुटतं.

इंपेलरची एक गंमत लक्षात ठेवा. मंद वेगाला त्याची पाती पंपाच्या घराच्या भिंतीला घासत पाणी ढकलतात, त्यामुळे पात्यांची टोकं झिजली की मंद वेगालाच पाणी कमी पडतं. जोरात फिरताना पाण्याच्या दाबाने पाती भिंतीपासून वाकून दूर होतात आणि पंप फेकण्याच्या जोरावर चालतो. म्हणून झिजलेला इंपेलरही फुल थ्रॉटलला बऱ्यापैकी पाणी देतो आणि माणूस फसतो.

बझरची वेळ काय सांगते

चावी फिरवताच, थंड मशीनवर बझर आणि तो थांबतच नाही: हे गरम होणं नव्हे. हेडवरच्या टेंपरेचर स्विचची वायर काढा. बझर थांबला तर स्विच शॉर्ट आहे. नाही थांबला तर वायरिंग कुठेतरी ब्लॉकला घासतंय, किंवा बझर तेलाचा आहे. हे स्विच बहुतेक ‘थंड असताना उघडे, तापल्यावर जोडलेले’ असतात. मल्टिमीटरवर थंड स्विच बीप करत असेल तर तो गेला. तपासून झाल्यावर वायर परत लावा. ती लोंबती ठेवून बोट चालवणं हा पिस्टनवर लावलेला जुगार आहे.

मंद वेगाला वाजतो, थ्रॉटल दिला की थांबतो: झिजलेला इंपेलर, चरे पडलेला पंपाचा कप (इंपेलर ज्यात फिरतो ती वाटी) किंवा बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट. मोठ्या मशीनमध्ये दाबावर उघडणारा पॉपेट व्हॉल्व असतो. त्याच्या सीटवर वाळूचा कण बसला की तो पूर्ण मिटत नाही आणि मंद वेगाचं तुटपुंजं पाणी तिथूनच निसटतं. थर्मोस्टॅट अडकला असेल तर हाच व्हॉल्व जोरात चालवताना उघडून मशीन वाचवतो, म्हणून दोन्हींचं लक्षण सारखंच दिसतं.

जोरात नेलं की दोन-पाच मिनिटांत वाजतो, मंद केलं की थांबतो: पाण्याचा पुरवठा अपुरा. जाळ्या अर्ध्या बुजलेल्या, शिंपल्यांनी धरलेल्या. मशीन ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या फळीवर) उंच बसवलेलं किंवा ट्रिम, म्हणजे मशीनचा कल, जास्त वर, त्यामुळे जाळ्या पाण्याबरोबर हवा घेतात. कॅव्हिटेशन प्लेट (प्रॉपेलरच्या वरची आडवी पट्टी) बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याखाली २५ मिलिमीटरपर्यंत असावी. नवीन बोटीवर जुनं मशीन चढवल्यावर तक्रार सुरू झाली असेल तर आधी पट्टी लावून हे मोजा, मग पंपाला हात लावा.

सलग वीस-तीस मिनिटं पळवल्यावर हळूहळू चढतो, आणि हंगाम पुढे सरकतो तसा लवकर वाजू लागतो: ब्लॉकमध्ये क्षार. तीन इंपेलर बदलूनही सुटत नाही तो आजार बहुतेक वेळा हाच.

नवा इंपेलर टाकल्या दिवसापासूनच वाजतो: काम करताना चूक झाली आहे. ती कोणती, ते पुढे.

मोजायचं कसं

लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन जवळ असू द्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती चुकीचा, कमी आकडा दाखवते. म्हणून हेडवर प्रत्येक सिलिंडरपाशी आणि थर्मोस्टॅटच्या कव्हरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि नेहमी त्याच टेपवर नेम धरा. थर्मोस्टॅट बरा असेल तर कव्हर त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास येऊन स्थिरावतं. सगळे सिलिंडर सारखे तापत असतील तर दोष सामाईक वाटेवर, म्हणजे जाळी, पंप, थर्मोस्टॅट यांत. एकच सिलिंडर बाकीच्यांहून १५-२० अंश वर असेल तर तिथली वाट बुजली आहे किंवा हेड गॅस्केट गळतंय.

एक सापळा टाळा. गिअरकेसला मफ (जाळ्यांवर बसणारे, पाइप जोडलेले रबरी कप) लावून नळाचं पाणी सोडलं आणि मशीन थंड राहिलं, म्हणून पंप चांगला असं समजू नका. नळाचा दाबच पाणी वर चढवत असतो. पंपाची खरी परीक्षा २०० लिटरच्या पिंपात किंवा खाडीत होते, कारण तिथे पाणी ओढायचं काम त्यालाच करावं लागतं. पिंपात पाणी जाळ्यांच्या बरंच वर असावं, प्रॉपेलर काढलेला असावा आणि वेग १५०० आरपीएमच्या आत.

थर्मोस्टॅट

आधी हाच बघा. दोन-तीन बोल्ट आणि एक गॅस्केट, दहा मिनिटांचं काम. आउटबोर्डचे थर्मोस्टॅट साधारण ४८ ते ६२ अंशांच्या दरम्यान उघडतात, आकडा पितळी बशीवर कोरलेला असतो. मोटारीचे ८० अंशांच्या पुढे उघडतात. ‘मापात बसतोय’ म्हणून गाडीचा थर्मोस्टॅट बसवणारे आहेत. असं मशीन कधीच थंड चालणार नाही. खाऱ्या पाण्यासाठी आकडा कमी ठेवतात त्याला कारण आहे: पाणी जास्त तापलं की त्यातले क्षार भिंतींवर धरू लागतात.

तपासायची पद्धत जुनी आणि पक्की. थर्मोस्टॅटची झडप नखाने किंचित उघडून तिच्यात शिवणाचा दोरा अडकवा आणि दोऱ्यावरच तो पातेल्यातल्या पाण्यात टांगा, तळाला टेकू न देता. शेजारी थर्मामीटर धरा आणि मंद आच ठेवा. झडप उघडायला लागताच थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटून खाली पडतो. तो आकडा आणि कोरलेला आकडा यांत तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक नको. पाणी आणखी दहा-बारा अंश तापल्यावर झडप निदान ३ मिलिमीटर उघडलेली दिसली पाहिजे.

थर्मोस्टॅट काढूनच चालवायचं, हा उपाय नाही. मशीन गरजेपेक्षा थंड चालतं, फोर-स्ट्रोकमध्ये न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं आणि डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढत जाते. तेल ‘वाढतंय’ आणि त्याला पेट्रोलचा वास येतोय, तर मागच्या माणसाने थर्मोस्टॅट काढलाय का बघा.

पंप उघडताना

किल-स्विचची (मशीन तात्काळ बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप काढा, बॅटरी सोडवा, प्रॉपेलर उतरवा. ट्रिम टॅब (प्रॉपेलरच्या वरचं छोटं पातं) काढण्याआधी त्याच्या कोनाची मार्करने खूण करा. बऱ्याच मशीनमध्ये खालच्या युनिटचा एक बोल्ट त्याच्याच मागे लपलेला असतो आणि तो न काढताच लोक युनिटवर हातोडी चालवतात. शिफ्ट रॉड (गिअर बदलणारी सळी) सोडवताना कपलिंगमध्ये किती आटे आत आहेत ते मोजून लिहा. मग युनिट सरळ खाली ओढा. अडलं तर जंगनाशक तेल आणि रबरी हातोडी. जोडाच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, तो चरा कायमचा राहतो. पंपाचे स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये धरलेले असतील तर ताकद लावण्याआधी हॉट एअर गनने शेक द्या. बोल्ट तुटला की अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं.

इंपेलर हातात आला की पाती मोजा. सहाची पाच असतील तर सहावं कुठे गेलं? ते वर नळीत किंवा ब्लॉकच्या तोंडाशी अडकलेलं असतं आणि नवा इंपेलर टाकूनही तिथेच राहतं. वारंवार गरम होण्याचं हे दुसरं मोठं कारण. थर्मोस्टॅट काढून त्या भोकातून गोड्या पाण्याचा पाइप उलट दिशेने सोडा आणि खाली नळीच्या तोंडाला जुना गंजीफ्रॉक बांधा. रबराचे तुकडे, वाळू, शंखांचा भुगा त्यात गोळा होतो. तुकडे जुळवून पातं पूर्ण होईपर्यंत धुणं थांबवू नका.

मग कप आणि खालची प्लेट. बोटाचं नख आडवं फिरवा. चऱ्यात नख अडकलं की बदला. उथळ वाळूत नाक टेकवून, मशीन चालूच ठेवून माणसं उतरवायची सवय जिथे आहे, तिथे कप इंपेलरइतकाच झपाट्याने खराब होतो. नुसता इंपेलर घेऊन पैसे वाचत नाहीत, पूर्ण पंप किट घ्या. नवा इंपेलर घेताना पातं मुळापाशी वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर तो दुकानात वर्षानुवर्षं पडून होता.

बसवताना पात्यांना भांडी घासायचा लिक्विड साबण किंवा ग्लिसरीन लावा. साधं ग्रीस नको, काही रबरं त्याने फुगतात. शाफ्टवरची चावी (इंपेलरला शाफ्टशी जखडणारा छोटा तुकडा) ग्रीसच्या थेंबाने खाचेत चिकटवा, नाहीतर ती घसरते, शाफ्ट फिरतो आणि इंपेलर जागच्या जागी बसून राहतो. पंपाचं घर खाली दाबताना शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे सगळी पाती एकाच, योग्य बाजूला झुकतात. ड्राइव्हशाफ्टच्या दात्यांना बाजूने ग्रीस लावा, टोकावर नाही. टोकावरचं ग्रीस क्रँकच्या भोकात कोंडतं आणि युनिट वर बसूच देत नाही.

आता ती चूक. युनिट वर ढकलताना उभी नळी पंपाच्या रबरी ग्रोमेटमध्ये (कडीमध्ये) नीट उतरली पाहिजे. तुम्ही शाफ्ट जुळवण्यात, मदतीचा माणूस शिफ्ट रॉड पकडण्यात गुंतलेला, आणि नळी ग्रोमेटच्या कडेला टेकून ते दुमडते. बोल्ट आवळले जातात, बाहेरून सगळं ठीक दिसतं, आणि नवा इंपेलर अर्धं पाणी गिअरकेसच्या पोकळीतच ओततो. ग्रोमेटला साबण लावा, टॉर्चने आत बघत युनिट वर न्या. शेवटचा इंचभर भाग हाताने जातो. बोल्ट ओढून युनिट वर आणावं लागत असेल तर थांबा, काहीतरी जुळलेलं नाही. पुस्तकात वेगळा आकडा नसेल तर ८ मिलिमीटरच्या बोल्टला १८ आणि १० मिलिमीटरच्या बोल्टला ३६ न्यूटन-मीटर ताण पुरतो. शेवटी तिन्ही गिअर हाताने टाकून बघा.

क्षार काढताना

नुसतं मीठ गोड्या पाण्यात विरघळतं. तापलेल्या भिंतीवर धरलेला कडक पांढरा थर विरघळत नाही, त्याला सौम्य आम्ल लागतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्व चालतं: लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे ४० लिटरला २ किलो. पिंपाऐवजी अरुंद टब घेतला तर ४० लिटरमध्ये जाळ्या बुडतात. थर्मोस्टॅट काढून कव्हर परत लावा, बाहेरचे झिंकचे ॲनोड (मशीनऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) उतरवा, नाहीतर आम्ल आधी त्यांनाच खाईल. मोकळ्या हवेत १०-१५ मिनिटं मंद चालवा, बंद करून तासभर मुरू द्या, पुन्हा दहा मिनिटं चालवा. पाणी गढूळ होऊन पांढरे कपटे तळाशी बसतात. मग दोनदा नवीन गोडं पाणी भरून धुवा. संडास साफ करायचं ॲसिड किंवा कॉस्टिक चुकूनही घालू नका. दोन्ही ॲल्युमिनियम खातात आणि ब्लॉकला आतून भोकं पाडतात.

काही फोर-स्ट्रोकमध्ये ब्लॉकच्या आतही छोटे ॲनोड असतात आणि ते कुणी कधी काढलेले नसतात. झिजताना ते फुगतात, तुटतात आणि पाण्याची वाट अडवतात. मशीन पाच-सहा वर्षं जुनं असेल तर आकृती बघून त्यांच्या जागा शोधा.

हेही करून एकच सिलिंडर गरम राहिला तर कॉम्प्रेशन मोजा. सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, किल-क्लिप काढलेली ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेरे द्या. आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक, किंवा एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ, म्हणजे बहुधा गॅस्केट गेलं. हेड काढलंच आहे तर सपाट काचेवर ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. ०.१ मिलिमीटरची पट्टी आत गेली तर मशीनशॉपमध्ये घासून घ्यायला हवं.

पुन्हा होऊ नये म्हणून

रोज संध्याकाळी फ्लश, म्हणजे आतून गोड्या पाण्याने धुणं, पण कोणत्या पाण्याने? किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. जिभेवर घेऊन बघा. मचूळ पाण्याने धुणं म्हणजे खाऱ्याच्या जागी पातळ खारं भरणं. मफ लावून मशीन चालू ठेवा, १०-१५ मिनिटं, कारण थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गोडं पाणी सगळ्या वाटांत पोचत नाही. बाजूच्या फ्लश पोर्टला पाइप जोडला असेल तर मात्र मशीन बंदच ठेवायचं. तिथून पाणी इंपेलरपर्यंत पोचेलच असं नाही आणि कोरडा इंपेलर काही सेकंदांत जळायला लागतो.

‘इंपेलर वर्षातून एकदा’ हा नियम हौशी बोटीचा. पर्यटनाची बोट हंगामात दिवसाला पाच तास चालली तर १०० तास वीस दिवसांत भरतात. वाळूच्या किनाऱ्यावर दर १०० तासांनी पंप उघडून बघा आणि तास वहीत लिहा.

मे अखेरीस बोट वर ओढल्यावर शेवटचा फ्लश करा, मशीन उभं ठेवून सगळं पाणी निथळू द्या. इंपेलर तीन महिने पंपाच्या घरात दाबून राहिला की पाती वाकलेल्या आकारातच राहतात आणि सप्टेंबरात पहिल्या दिवसापासून कमी पाणी देतात. म्हणून तो काढून, धुऊन, सावलीत पिशवीत ठेवा. आणि स्टिअरिंगला ठळक अक्षरांत चिठ्ठी बांधा: ‘इंपेलर काढला आहे, स्टार्ट करू नका.’